रेकॉर्डिंगच्या मागचा आवाज

पत्नीच्या वर्षश्राद्धाच्या आधीच्या रविवारी, दुपारच्या चहाच्या सुमारास, माझ्या संगणकावरची सगळी रेकॉर्डिंग उघडेनाशी झाली. घर भोरमधले. त्या वेळी घरात दोघे होतो, मी आणि माझा मेहुणा. संगणकाला इंटरनेट जोडलेले नव्हते. त्यात अँटिव्हायरसही नव्हता.

या दोन्ही गोष्टी विचार करून ठरवलेल्या होत्या. निवृत्त होईपर्यंत मी एका दैनिकाला भोर आणि वेल्हे तालुक्यांच्या बातम्या देत असे. त्याआधी पुण्यात त्याच दैनिकाच्या कचेरीत दुसऱ्यांच्या बातम्या तपासण्याचे काम केले. तिथे नियम साधा होता. माहिती कोणाकडूनही येवो, ओळखीच्या हातून आली म्हणून ती खरी धरायची नाही. संगणकाच्या बाबतीतही मी हाच नियम पाळत होतो. ई-मेल मोबाईलवर वाचायचा आणि तिथेच संपवायचा. अनोळखी माणसाने पाठवलेली फाईल उघडायची नाही. बाहेर छपाईला काही न्यायचे तर त्यासाठी दर वेळी नवा पेनड्राईव्ह, आणि तो घरी परत आला की पुन्हा संगणकाला लावायचा नाही. घरचा पेनड्राईव्ह कोणाला द्यायचा नाही, दुसऱ्याचा घ्यायचा नाही.

यंत्र जुने होते आणि आतली सिस्टीमही जुनी. तिच्यासोबत आलेले संरक्षण चालू ठेवले की टाइप केलेले अक्षर पडद्यावर उमटायला वेळ लागे. म्हणून ते बंद केले. माझे म्हणणे असे होते की, दार कोणासाठी उघडायचे हे ज्याला कळते, त्याला पहारेकरी लागत नाही.

भोरच्या एसटी स्टँडजवळ झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज आणि संगणक दुरुस्तीचे एक दुकान आहे. ते चालवणाऱ्या बाईंना हे म्हणणे मान्य नव्हते. यंत्र धूळ काढायला नेले की आमचा हा वाद व्हायचा.

"काका, अँटिव्हायरस टाकून देते."

"गरज नाही. मी इंटरनेट वापरत नाही."

"मग करता काय त्याच्यावर?"

"टाइप करतो. जुनी रेकॉर्डिंग ऐकतो."

"म्हणजे रेडिओ झाला. रेडिओला एवढा मोठा डबा कशाला?"

मी त्यांना विचारले, तुमच्या यंत्रात अँटिव्हायरस आहे ना? आहे म्हणाल्या. कधी व्हायरस आला नाही? तर म्हणाल्या, "आला की. अख्ख्या तालुक्याचे पेनड्राईव्ह दिवसभर माझ्याच यंत्राच्या तोंडात घालतात लोक. छत्री घेतली म्हणून पाय कोरडे राहतात का?"

"मग छत्री घ्यायची कशाला?"

"डोकं तरी कोरडं राहतं, काका."

दुकानात अर्ज भरायला आलेली माणसे हसली. मी यंत्र घेऊन घरी आलो. वाद अर्धवट राहिला.

रेकॉर्डिंगबद्दल थोडे सांगायला हवे. वेल्ह्याकडची माणसे न्यायालयाच्या, तहसीलच्या किंवा एसटी डेपोच्या कामाला भोरला येत. काम उरकले की, किंवा न होताच दुपार झाली की, आमच्या घरी येत. घर दोन खोल्यांचे आहे. पुढच्या खोलीत मी मुलाखत घ्यायचो, रेकॉर्डर टेबलावर असायचा. मागच्या खोलीत स्वयंपाकघर. दोन्हींच्या मधल्या दाराला फक्त पडदा आहे. त्यामुळे बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये मागे भांडी आहेत, कुकर आहे, आणि पत्नीचा आवाज आहे.

तेव्हा तो अडथळा होता. मी हाताने खूण करायचो, ती पडद्याआडून बघायची आणि हळू बोलायची. रेकॉर्डरला हळू बोललेलेही ऐकू येते.

ती गेली त्यानंतर काही महिन्यांनी, एका जुन्या पाणी योजनेचा संदर्भ शोधताना मी एक मुलाखत ऐकत होतो. बोलणारे गृहस्थ टाकीच्या उंचीबद्दल सांगत होते. मागून ती म्हणाली, "अहो, दुधाकडे बघा जरा, मी पलीकडं जाऊन येते." एवढेच. गृहस्थ पुढे टाकीबद्दलच बोलत राहिले.

त्यानंतर मी सगळी रेकॉर्डिंग सुरुवातीपासून ऐकायला घेतली. फोटो काढून घ्यायला ती कंटाळायची, आणि मोबाईलवर चित्रण सुरू झाले की तोंड फिरवायची. मी बातमीसाठी बाहेर असलो की फोनवर आम्ही रोज बोलायचो, पण ते बोलणे कोणी साठवलेले नव्हते. तिचा आवाज या मुलाखतींच्या मागे होता, दुसरीकडे कुठेही नव्हता.

मुलाखतीतून तिचा भाग कापून वेगळा केला नाही. मूळ रेकॉर्डिंगला हात लावायचा नाही, ही कचेरीतली सवय. त्यामुळे तिचे एक वाक्य यायचे तर आधी भाताच्या वाणांबद्दल, रखडलेल्या पुलाबद्दल किंवा शाळेच्या पत्र्यांबद्दल बरेच ऐकावे लागे. त्यालाही माझी हरकत नव्हती. सकाळी चहा झाला की एक रेकॉर्डिंग लावायचो. दिवसभरात घरात कोणी बोलत असेल तर तीच माणसे. त्यांच्यातले काही आता हयात नाहीत.

या सगळ्याची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर होती. ती हार्ड डिस्क संगणकाला कायम जोडलेली असे. वायर काढून पुन्हा लावताना सैल होते, म्हणून.

आता त्या रविवारचे.

आमच्याकडे, विशेषतः वेल्ह्याच्या बाजूला, माणूस गेल्याला वर्ष झाले की गावात फ्लेक्स लावतात. वर फोटो, त्याखाली 'प्रथम पुण्यस्मरण', आणि सगळ्यात खाली शोकाकुल मंडळींची नावे. या नावांचा क्रम ही गंभीर बाब आहे. आधी कोण, नंतर कोण, सासरचे वर की माहेरचे, चुलत घराण्यातले किती, हे चुकले तर माणसे पुढच्या लग्नाला येत नाहीत. म्हणून छपाईला देण्याआधी फ्लेक्सचा नमुना दोन्ही घरांना दाखवायचा असतो. मोबाईलच्या पडद्यावर खालची नावे वाचता येत नाहीत. मग फ्लेक्सवाला नमुना पेनड्राईव्हवर टाकून देतो, आणि तो पेनड्राईव्ह घरोघर फिरतो.

पत्नीच्या माहेरच्या गावी फ्लेक्स लावायचे तिच्या धाकट्या भावाने ठरवले होते. नसरापूरला जाऊन त्याने नमुना करून घेतला, चुलत्यांच्या घरी दाखवला, शाळेतल्या संगणकावर गावच्या चार जाणत्यांना दाखवला, आणि रविवारी एसटीने भोरला आला. बरोबर तांदळाची पिशवी होती. तो घरी मोकळ्या हाताने कधी आलेला नाही.

"दाजी, फोटू असा लागलाय, आक्का बोलती का काय वाटतंय," तो म्हणाला. "बघा तुमी. नावं तेवढी नीट बघा. सांजच्याला छापाया द्यायचंय."

"मोबाईलवर आहे का?"

"मोबाईलवर मुंग्या दिसत्यात. ह्यात हाय." त्याने शर्टाच्या खिशातून पेनड्राईव्ह काढला. त्याला लाल दोरा बांधला होता.

मी म्हणालो, झेरॉक्सच्या दुकानात जाऊन बघू.

"आक्काचा फोटू दुकानात चारचौघांत बघायचा? घरात कंप्युटर हाय की."

"हा संगणक जुना आहे."

"मग मी काय नवा हाय?"

तो आत जाऊन पाय धुऊन आला आणि माझ्या खुर्चीशेजारी उभा राहिला. स्वयंपाकघरात शिरताना तिला हाक मारायची त्याची सवय गेली नव्हती. आत जाताना तो पडद्यापाशी क्षणभर थांबल्याचे मी पाहिले. त्याचा पेनड्राईव्ह मी संगणकाला लावला.

आत फोल्डरसारखे दिसणारे एक चित्र होते. त्यावर दोनदा क्लिक केले. काही उघडले नाही. पुन्हा केले. मग शेजारची दुसरी फाईल उघडली आणि नमुना दिसला. फोटो खरोखरच चांगला लागला होता. तिच्या भाचीच्या लग्नातला होता, शेजारची माणसे कापून मागे निळे आकाश घातले होते. आम्ही नावे वाचली. माझ्या चुलत भावाचे नाव एक ओळ वर घ्यायला सांगितले. मेहुण्याने ते मोबाईलवर फ्लेक्सवाल्याला कळवले. मी चहा ठेवायला आत गेलो.

चहा घेऊन बाहेर आलो तेव्हा पडद्यावरची चित्रे बदललेली होती. फाईलींची नावे तीच होती, प्रत्येकीच्या शेवटी काही अक्षरे चिकटली होती. एक रेकॉर्डिंग लावून पाहिले. लागले नाही. दुसरे लागले नाही. प्रत्येक फोल्डरमध्ये इंग्रजीतला एक नवा मजकूर होता: फाईली कुलूपबंद केल्या आहेत, किल्ली हवी असेल तर पैसे भरा. हार्ड डिस्क जोडलेलीच होती. तिच्यावरही तेच.

"बंद पडला व्हय?" मेहुण्याने विचारले.

"जुना आहे."

"मगाशी म्हणालाच व्हता तुमी." त्याने बशीत चहा ओतला. "नवा घ्या आता. एकल्याला काय खर्च हाय?"

पाचच्या एसटीने तो गेला.

सोमवारी यंत्र आणि हार्ड डिस्क दुकानात नेली. बाईंनी इंग्रजी मजकूर वाचला आणि अर्ज भरायला बसलेल्यांना थोडे थांबायला सांगितले. त्या हसल्या नाहीत.

"काही महत्त्वाचं होतं का, काका?"

"जुन्या मुलाखती."

"छापून आलेल्या ना? मग पेपरात असतील."

"पेपरात नाही ते हवं आहे."

त्यांनी पुढे विचारले नाही. यंत्र ठेवून घेतले, पुण्यातल्या ओळखीच्या तंत्रज्ञाशी बोलल्या, एक-दोन उपाय करून पाहिले. गुरुवारी त्यांचे म्हणणे असे होते: हे कुलूप काढण्याची किल्ली आज कोणाकडे नाही, पैसे भरले तरी ती मिळेल याचा भरवसा नाही, पुढेमागे कोणी काढली तर काढली. डिस्क पुसू नका, तशीच ठेवा.

मी विचारले, अँटिव्हायरस असता तर हे टळले असते का?

त्यांनी विचार करून उत्तर दिले. "ओळखीचा असता तर अडवला असता. नवा असता तर कदाचित नसता अडवला. सांगता येत नाही, काका." मग म्हणाल्या, "डिस्क जोडलेली नसती, तर मात्र नक्की वाचली असती. ती कपाटात ठेवायची असते."

त्या आठवड्यात वर्षश्राद्ध झाले. फ्लेक्स गावच्या वेशीवर लागला. नावांबद्दल कोणाची तक्रार आली नाही.

पुढचे काही आठवडे सकाळचा चहा झाल्यावर करायला काही नव्हते. रेडिओ लावून पाहिला. त्यात मागे कोणी नसते.

मूळ रेकॉर्डिंग कोणाला द्यायचे नाही हा नियम मी नोकरीत पाळला होता. तो एकदाच मोडला होता, हे भाद्रपदात लक्षात आले. वेल्हे तालुक्यातले एसटीचे एक निवृत्त चालक पेन्शनच्या कामाला भोरला आले असताना त्यांची मुलाखत घेतली होती. विषय मुक्कामी गाडीचा. संध्याकाळची शेवटची गाडी डोंगरातल्या गावात मुक्कामाला राहायची आणि पहाटे परत निघायची. चालक-वाहकाला गावातले लोक पाळीपाळीने भाकरी आणून द्यायचे. मुलाखत संपल्यावर ते म्हणाले होते, "म्या कसा बोलतो ते मला ऐकायचंय. सारा जन्म इंजिनच ऐकलं." त्यांच्या कीपॅडच्या मोबाईलमधले मेमरी कार्ड काढून, माझ्या रेकॉर्डरमध्ये घालून मी त्यावर पूर्ण रेकॉर्डिंग उतरवून दिले होते.

त्यांचा नंबर लागला नाही. एसटीने नसरापूरला जाऊन तिथून वेल्ह्याची गाडी धरली आणि मार्गासनीच्या पुढे उतरलो. भात पोटरीत आले होते. वाटेत विचारल्यावर ज्या घराकडे बोट दाखवले गेले तिथे ओट्यावर चालक बसलेले होते. अंगाने वाळलेले, पण ओळखू येत होते. त्यांनी मला ओळखले नाही.

"मी भोरचा पेपरवाला," मी म्हणालो.

"पेपर आमी घेत न्हाई."

आतून सून आली. तिशी-पस्तिशीची, हाताला शेण लागलेले. "मोठ्यानं बोला. त्यास्नी धड ऐकाया येत न्हाई आता," ती म्हणाली. मग त्यांच्या कानाशी वाकून ओरडली, "मामंजी, त्ये भोरचे! तुमची मुलाखत घेतल्याली!"

"मग बसा की. उभं ऱ्हाऊन काय इंजिन गरम करताय?" ते म्हणाले.

मी कामाचे सांगितले. जुना मोबाईल, त्यातले कार्ड, त्यावरचे रेकॉर्डिंग. ती म्हणाली, मोबाईलवर बोलता येत नाही, सीम काढून टाकले. आणि कार्डावर नवऱ्याने भजने भरली आहेत.

"जुनं काढून भरली का?"

"त्ये काय मला ठावं न्हाई." मग तिने विचारले, "तुमची मुलाखत म्हंजी ती मुक्कामी गाडीची का? भाकरीची?"

"हो."

"ती हाय की. रोज वाजती."

ती मला गोठ्यात घेऊन गेली. गोठ्यात दोन म्हशी होत्या. खुंटीला दोरीने कीपॅडचा मोबाईल टांगला होता आणि त्यातून भजन चालू होते. तिने सांगितले की धार काढताना काहीतरी वाजत असले की म्हशी शांत उभ्या राहतात. धाकटी तर त्याशिवाय पान्हा सोडत नाही. कार्डावरचे सगळे ओळीने वाजते: आधी भजने, मध्ये सासऱ्यांची मुलाखत, पुन्हा भजने.

"मुलाखतीला बी म्हशी उभ्या ऱ्हात्यात?" मी विचारले. त्यांच्या बोलीत का विचारले ते सांगता येणार नाही.

"मामंजींच्या आवाजाला तर लईच. त्यास्नी सोताला ऐकाया येत न्हाई आन् म्हशी ऐकत्यात." ती हसली. "त्यात एक बाई चहाचं इच्यारती बघा. मला आधी वाटायचं आमच्या सासूबाईच. नवरा म्हनला, न्हाई, आईचा आवाज न्हाई ह्यो. कोन हाय ती?"

"माझी पत्नी."

"आस्सं." तिने भजन पुढे ढकलत ढकलत मुलाखतीवर आणले. "बऱ्या हायेत ना?"

"वारली. वर्ष झालं."

 तिने मोबाईल खुंटीवरून काढला, पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला.

कार्ड काढून न्यावे, दुकानात लावावे, असा विचार होता. तो सोडला. वैरणीच्या पेटाऱ्यावर त्यांचा मोबाईल ठेवला, त्याच्या शेजारी माझा, आणि माझ्यात ध्वनिमुद्रण सुरू केले. कचेरीत जुन्या काळी एका टेपवरून दुसऱ्या टेपवर असेच उतरवून घेत. सून दारात उभी राहिली आणि अंगणातल्या कोणाला तरी तिने हाताने गप्प राहायची खूण केली.

चालक भाकरीबद्दल सांगत होते. पावसात घाटात गाडी अडकली तेव्हा गावचे लोक कंदील घेऊन आले, ते सांगत होते. मग मागून कपबशांचा आवाज आला आणि ती म्हणाली, "अहो, साखर किती घालू? विचारा ना त्यांना."

चालक म्हणाले, "वैनी, घाला मोप. एसटीच्या कँटीननं जीभ मारलीया माझी."

त्यावर ती हसली. बाकीच्या कुठल्या रेकॉर्डिंगमध्ये ती हसल्याचे मला आठवत नाही. आता तपासताही येणार नाही.

पुढे मुलाखत बरीच होती. ती पूर्ण उतरवून घेतली. मध्ये एक म्हैस दोनदा ओरडली, तेही त्यात आहे. बाहेर आलो तेव्हा ओट्यावरून चालक म्हणाले, "काय बोललो म्या त्यात? हिला इच्यारलं तर म्हनती, लई बोललाय. लई म्हंजी काय?"

मी त्यांच्या कानाशी वाकून सांगितले, मुक्कामी गाडीचे सांगितलेत, भाकरीचे सांगितलेत.

"चहाचं?"

"चहाचंही."

"त्यो ग्वाड व्हता," ते म्हणाले.

भोरला आल्यावर दुकानातल्या बाईंकडून नवीन संगणक जुळवून घेतला. त्यात अँटिव्हायरस आहे. यंत्र थोडे हळू सुरू होते. हार्ड डिस्क कपाटात असते. दर रविवारी तपासून लावतो, प्रत घेतली की काढतो. वादाबद्दल बाईंनी विषय काढला नाही. मीही काढला नाही.

यंदा दुसऱ्या वर्षश्राद्धाला मेहुणा आदल्या दिवशीच आला. या वर्षी फ्लेक्स नव्हता. तांदूळ होते. चहा झाल्यावर मी त्याला पुढच्या खोलीत बसवले आणि काही न सांगता चालकांची मुलाखत लावली. त्याला वाटले बातमीचे काही असेल. तो मोबाईल बघत ऐकत होता. साखरेचे वाक्य आले तेव्हा त्याने मोबाईल खाली ठेवला आणि पडद्याकडे पाहिले.

 मुलाखत संपल्यावर म्हणाला, "परत लावा."

दुसऱ्यांदा ऐकल्यावर विचारले, "बाकीची कुठं हायेत? तुमच्याकडं तर ढीग व्हता."

"उघडत नाहीत."

"का?"

"मागच्या वर्षी संगणक बिघडला. तू होतास तेव्हा."

त्याने मान हलवली. खिशातून पेनड्राईव्ह काढला. तोच, लाल दोऱ्याचा. "आईला ऐकवीन. ह्यात घाला."

पेनड्राईव्ह लावला. पडद्यावर तपासणीची पट्टी सरकू लागली. तो वाकून बघत होता.

"काय चाललंय ह्ये?"

"तपासतंय."

"माझं?"

"सगळ्यांचंच तपासतं. माझंही."

पट्टी थांबली. लाल अक्षरे आली: एक फाईल अडवली आहे. फोल्डरसारखे चित्र होते, तेच. त्याला इंग्रजी फारसे येत नाही, पण लाल रंग कळतो.

"काय निगालं?"

"व्हायरस. फ्लेक्सवाल्याकडून आला असेल, किंवा शाळेतल्या संगणकावरून."

त्याने पेनड्राईव्हचा लाल दोरा बोटात धरला. मग म्हणाला, "दाजी, मागल्या साली बी ह्योच व्हता."

"हो."

"मग तवाच..."

"तेव्हा तपासणारं काही नव्हतं," मी म्हणालो. "त्यामुळं खात्रीनं सांगता येत नाही."

त्याने माझ्याकडे पाहिले नाही. पडद्यावरच बघत राहिला. "आता घालू नका मग त्यात," म्हणाला.

"साफ झाला आहे. आता काही होणार नाही."

फाईल उतरली. पेनड्राईव्ह काढून त्याच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी श्राद्ध आटोपल्यावर पाचच्या एसटीने तो वेल्ह्याला गेला. पेनड्राईव्ह त्याने रुमालात गुंडाळून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला होता.